तैलरंगांसाठी कमी वासाचा द्रावक

सेवानिवृत्तीनंतर कित्येकांस एखादा जुना छंद नव्याने आठवतो. मला तैलचित्रांचा आठवला. अहिल्यानगरातील आमच्या घराच्या मागील लहानशा खोलीत मी रंग मांडले, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच स्वयंपाकघरातून तक्रार आली, “अहो, त्या टर्पेंटाइनच्या वासाने माझे डोके उठते.” तक्रार रास्त होती.

तैलरंग म्हणजे बहुधा जवसाच्या तेलात घोटलेली रंगाची पूड. हे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून ते घट्ट होते. म्हणून आरंभीचे थर पातळ करण्यास व कुंचले धुण्यास उडून जाणारा निराळा द्रव लागतो. हिमालयातील चीड वृक्षांच्या राळेपासून ऊर्ध्वपातनाने निघणारे टर्पेंटाइन हा त्यांतला जुना व नामांकित. रंगाच्या दुकानात त्याच नावाने पुष्कळदा खनिज तेलापासून काढलेला द्रव मिळतो. त्यातील ॲरोमॅटिक वर्गाचे उग्र घटक शुद्धीकरणाने बहुतांशी काढून टाकले, म्हणजे जो उरतो तो ‘ओडरलेस मिनरल स्पिरिट’.

मी तो आणला. पौषातील थंडी होती. वास नाही तर बाधा कसली, अशा समजुतीने मी खिडकी लावून घेतली. दुपारपर्यंत डोके जड होऊन भोवळ येऊ लागली. वास गेला होता, बाष्प गेले नव्हते! उग्र वास हा निदान पहारेकरी तरी असतो. मी त्या पहारेकऱ्यास रजा दिली आणि दारही बंद केले.

तेव्हा निवड करताना केवळ नाकावर विसंबू नये. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी पाहावे. तेलकट डाग राहिला तर तो द्रव चित्रास योग्य नाही. रॉकेल याच परीक्षेत नापास होते. लाकडी सामानाच्या रोगणासाठी मिळणारा थिनर तर घेऊच नये. त्याचा वास तीव्र असतो आणि खालचा थरही तो उकलतो. मात्र डामर राळेचे व्हार्निश करावयाचे असेल, तर टर्पेंटाइनच हवे. ओडरलेस द्रवात ती राळ नीट विरघळत नाही.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. टर्पेंटाइनचे बाष्प सुमारे ३५ अंश सेल्सियसलाच ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि वैशाखात येथील पारा ४० अंशांच्या वर जातो. कमी वासाच्या काही शुद्ध द्रवांची हीच मर्यादा ६० अंशांच्या पुढे असते. डब्यावरील हा आकडा वाचूनच खरेदी करावी. आपण तेलाच्या डब्यावरची किंमत वाचतो, हे मात्र वाचीत नाही.

कुंचल्यांसाठी तर मी हल्ली द्रावक फारसा वापरीतच नाही. आधी चिंधीने रंग पुसावा, मग करडईच्या तेलात कुंचला घोळवावा, शेवटी साबणाने धुवावा. ज्वारीच्या रानातली ही करडई चित्रकलेस परकी नाही. तिचे तेल कमी पिवळे पडते, म्हणून पांढऱ्या रंगांत ते वापरतात. जवसतेलाने भिजलेल्या चिंध्यांचा मात्र बोळा करून ठेवू नये. त्या आपोआप तापून पेटतात. त्या पसरून वाळवाव्यात, अथवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.

वापरलेला द्रावक काचेच्या बरणीत झाकून ठेवला, की काही दिवसांत रंग तळाशी बसतो. वरचा निवळ भाग पुन्हा कामी येतो. गाळ मोरीत ओतू नये.