आडव्या उजेडाचं यंत्र

जिवंत पेशी नीट पाहायची तर भरपूर उजेड हवा, आणि तोच उजेड तिला सोसत नाही. लेझरच्या माऱ्याने पेशीत खूण म्हणून घातलेली चमकणारी प्रथिनं विटतात, पेशीही आजारी पडते. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने चित्रातला धूसरपणा घालवला, पण हे दुखणं तसंच राहिलं. त्यात एका थराचं चित्र घेताना लेझर वरखालच्या सगळ्या थरांतून जातो. 100 थर टिपायचे, तर प्रत्येक थराला 100 वेळा भाजून घ्यावं लागतं.

लाइट-शीट सूक्ष्मदर्शकाने उजेडाची दिशाच बदलली. लेझरचा पातळ पापुद्रा करून तो पाहायच्या नमुन्यात, समजा एखाद्या भ्रूणात, बाजूने सोडायचा आणि पाहणारं भिंग त्याच्याशी काटकोनात बसवायचं. अंधाऱ्या खोलीतल्या कवडशात त्याच्या वाटेतलीच धूळ दिसते, तसा तेवढाच थर उजळतो. उरलेला भ्रूण अंधारात सुखरूप.

कल्पना जुनीच. माणिकरंगी काचेतले सोन्याचे अतिसूक्ष्म कण झिडेनटोप्फ आणि झिग्मोंडी यांनी 1903 च्या सुमारास बाजूच्या उजेडातच पाहिले होते. झिग्मोंडींना पुढे रसायनशास्त्राचं 1925 चं नोबेलही मिळालं. जीवशास्त्राला मात्र ही युक्ती अंगवळणी पडायला शतक लागलं. त्याचा दोष मी जीवशास्त्रज्ञांना देणार नाही. त्या उजेडात चमकेल असं काही जिवंत पेशीत हवं ना; जेलीफिशचं हिरवं प्रथिन दुसऱ्या प्राण्यांत चमकवता येतं, हेच मुळी 1994 मध्ये कळलं.

2004 मध्ये हायडेलबर्गच्या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत यान हुइस्कन, अर्न्स्ट श्टेल्झर आणि सहकाऱ्यांनी हे यंत्र उभं केलं. काचपट्टीला त्यांनी रजाच दिली. अ‍ॅगरोजच्या जेलीच्या कांडीत रोवलेला भ्रूण पाण्याच्या कुपीत उभा लोंबतो, आणि हवा तसा फिरवता येतो. फळमाशीच्या एका भ्रूणाची त्यांनी 205 वेळा, दर वेळी 56 थरांत, म्हणजे एकूण 11,480 चित्रं काढली. एवढं होऊनही त्याची वाढ नेहमीसारखीच पुरी झाली. चित्रांच्या देखणेपणापेक्षा मला हा निकाल मोठा वाटतो. पाहण्यानेच जे बिघडतं, त्याचं निरीक्षण कसलं?

यंत्राला खोडीही आहेत. डोळ्याचा रंगीत भाग किंवा बलक वाटेत आला, की मागे सावलीचे पट्टे पडतात. मग उजेड दोन्ही बाजूंनी द्यायचा, नाहीतर भ्रूण फिरवायचा. त्याहून मोठी डोकेदुखी विदेची. 2008 मध्ये झेब्रामाशाच्या भ्रूणातल्या हजारो केंद्रकांचा पहिल्या 24 तासांतला प्रवास नोंदवला गेला, आणि भिंगाइतकंच काम संगणकावर येऊन पडलं. आता अशा प्रयोगांत टेराबाइटच्या टेराबाइट भरतात. यंत्र त्या मानाने आवाक्यात आहे: ओपनस्पिम प्रकल्पाने 2013 मध्ये सुट्या भागांची यादी आणि जोडणीची कृती सगळ्यांना खुली करून दिली.

उंदराचा भ्रूण सगळ्यांत हट्टी, कारण तो आईच्या पोटाबाहेर जेमतेम तगतो आणि भराभर वाढतो. अमेरिकेतल्या जनेलिया केंद्रात 2018 मध्ये त्याचं सुमारे दोन दिवस चित्रण झालं. भ्रूण सरकला, फुगला, की त्याच्या मागोमाग उजेडाचा पापुद्रा आणि भिंग जुळवून घेण्याचं काम तिथे सॉफ्टवेअरच करत होतं.