पिल्लू केव्हा नेऊ?

आमच्या वसाहतीतील चिंगी नावाची कुत्री डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जिन्याखाली व्यायली. पाच पिल्ले झाली. तीन आठवड्यांत ती लडबडत चालू लागली आणि आमच्या दारावर एकच प्रश्न येऊ लागला : ‘एक पिल्लू आम्हांला द्याल ना? केव्हा नेऊ?’ आमचे उत्तर ठरलेले होते, आठ आठवडे पूर्ण झाल्यावर. ते ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरे. ‘एवढे मोठे झाल्यावर त्याला आमचा लळा कसा लागणार?’ असे एका शिक्षिकाबाईंनी विचारले. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र थोडे मागे, चिंगीच्या गाभणपणापर्यंत जावे लागेल.

कुत्रीचा गर्भकाल ६३ दिवसांचा, असे पुस्तकांत असते. प्रत्यक्षात संयोगाच्या दिवसापासून मोजले तर तो ५७ पासून ७२ दिवसांपर्यंत कितीही भरतो. कुत्रीचे बीजांड बीजकोशातून सुटते तेव्हा कच्चे असते. फलनक्षम व्हायला त्याला आणखी दोन-तीन दिवस लागतात. उलट शुक्रजंतू तिच्या शरीरात कित्येक दिवस तग धरतात. त्यामुळे बीजांड सुटल्या दिवसापासून मोजणी केली तरच ६३ चा आकडा जुळतो.

गर्भांची बरीचशी वाढ शेवटच्या तीन आठवड्यांत होते. तोवर कुत्रीला जादा खाऊ घालण्याची गरज नसते. हौसेने कॅल्शियमचे औषध पाजणारे पुष्कळ भेटतात. पशुवैद्याने सांगितल्याखेरीज ते देऊ नये. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतला साठा मोकळा करणाऱ्या परावटू ग्रंथी सुस्तावतात. मग पान्हा फुटल्यावर मागणी एकदम वाढली की रक्तातले कॅल्शियम घसरून कुत्रीला झटके येऊ शकतात.

शेवटच्या आठवड्यात आम्ही रोज दोनदा चिंगीचे तापमान घेत होतो. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घसरले की सुमारे दिवसभरात कुत्री विते, आणि त्याच वेळी तिचे तापमान अंशभर उतरते. एका संध्याकाळी पारा ३८.४ वरून ३७.३ अंश सेल्सियसवर आला. पहाटे पहिले पिल्लू बाहेर आले.

नवजात पिल्लू आंधळे आणि बहिरे असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला कुडकुडताही येत नाही. गारठलेले पिल्लू चोखत नाही आणि त्याचे आतडेही काम करीत नाही. अशा पिल्लाच्या तोंडात घाईने दूध घालणे घातक ठरते. आधी ऊब, मग दूध. आम्ही खोक्यात गोणपाट अंथरून एका कोपऱ्यावर ६० वॉटचा दिवा टांगला आणि दुसरा कोपरा मुद्दाम थंड ठेवला. उकडले तर पिल्लाला सरकायला जागा हवी.

पहिल्या दिवसाच्या चिकाचे मोल वेगळेच. कुत्रीच्या वारेतून प्रतिपिंडे पिल्लाकडे फार थोडी जातात. बहुतेक सगळी चिकातून मिळतात. आणि ती जशीच्या तशी शोषून घेण्याची आतड्याची क्षमता २४ तासांत संपते. नंतर कितीही दूध पाजा, तो दरवाजा बंद झालेला असतो.

पिल्लांचे वजन आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज करीत होतो. आठ-दहा दिवसांत जन्माचे वजन दुप्पट व्हावे लागते. तिसऱ्या दिवशी सर्वांत धाकट्या मादीचे वजन वाढण्याऐवजी घटले. नुसत्या डोळ्यांना ते कळले नसते. मग दोन दिवस थोरल्या भावंडांना बाजूला करून आधी तिला पाजले. आठव्या दिवशी तिची रेघ आलेखात इतरांच्या बरोबरीने चढू लागली.

जंतांचे औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करावे लागते, कारण गोलकृमीच्या अळ्या आईच्या पोटातच पिल्लांच्या शरीरात शिरतात. हे जंत मुलांनाही बाधतात. पिल्लांशी खेळल्यावर हात धुवायला सांगणे ही नुसती शिस्त नव्हे.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेतून १९६१ साली फ्रीडमन, किंग व एलियट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पिल्ले आणि त्यांच्या आया उंच कुंपणाच्या मैदानात, माणसाच्या सहवासाविना ठेवल्या होत्या. काही पिल्ले दुसऱ्या, काही तिसऱ्या, काही पाचव्या, सातव्या व नवव्या आठवड्यात आत आणून आठवडाभर माणसांनी त्यांच्याशी खेळायचे आणि पुन्हा मैदानात सोडायचे. दोन आठवड्यांची पिल्ले अजून तान्हीच होती. तीन आठवड्यांची लगेच जवळ आली. त्यापुढच्या वयांत भीड चेपायला अधिकाधिक वेळ लागत गेला. चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांना माणसाचा सहवासच मिळाला नाही, ती पुढेही माणसाला बिचकत राहिली.

म्हणजे लळ्याची खिडकी तिसऱ्या आठवड्यात उघडते आणि बाराव्या-चौदाव्या आठवड्याच्या सुमारास मिटत जाते. ह्यावरून, पिल्लू लवकर नेलेले बरे, असे वाटेल. पण चौथ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांकडूनही शिकत असते. जोरात चावले की भाऊ केकाटतो आणि खेळ थांबतो. जबडा किती आवळायचा हे त्याला असे कळते. शिवाय पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान टोचतात.

चिंगीच्या आधीच्या वेतातले एक पिल्लू आम्ही आग्रहाला बळी पडून पाचव्या आठवड्यात देऊन टाकले होते. नव्या घरी दहाव्या दिवशी त्याला रक्ताचे जुलाब लागले. पार्व्हो. चिकातली प्रतिपिंडे ओसरत आलेली, लस टोचलेली नाही आणि घर बदलल्याचा ताण. थांबलो असतो तर ते जगलेच असते असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण निदान एक लस टोचून झाली असती.

म्हणून या खेपेस पिल्लू घरी पाठवण्याऐवजी घरच पिल्लाकडे बोलावले. ज्यांना पिल्लू हवे त्यांनी तिसऱ्या आठवड्यापासून रोज अर्धा तास यायचे, चपला बाहेर काढायच्या (पार्व्होचा विषाणू पायतणावरून येतो), हात धुवायचे आणि मग खेळायचे. सात घरांपैकी तीन घरे आठवड्यातच गळाली. आम्हांला त्याचे वाईट वाटले नाही.

रस्त्यावरच्या पिल्लांचे काय होते? कोलकात्याच्या आयसर संस्थेतील मानबी पॉल, अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांचा माग ठेवला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रजननक्षम वयापर्यंत फक्त १९ टक्के पिल्ले पोचली आणि बऱ्याच मृत्यूंमागे माणसाचा हात होता. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई केली आहे. फुकट दिलेल्या पिल्लाचे शरीरही तेच असते.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट मात्र बजावावी. रेबीजची लस साधारणपणे तीन महिन्यांच्या वयात टोचतात, त्यामुळे लहान पिल्लाचा दातही निरुपद्रवी समजू नये. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. चिंगीला दरवर्षी लस टोचलेली होती, म्हणूनच आम्ही तिच्या पिल्लांना हात लावू शकलो.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चार पिल्ले चार घरी गेली. प्रत्येकाबरोबर लशीच्या तारखांचा कागद आणि आईचा वास असलेला गोणपाटाचा तुकडा दिला. धाकटी आमच्याकडेच राहिली. चिंगीचे दूध आटल्यावर मार्चअखेर तिची नसबंदी करून घेतली. ती पहिल्याच वेतानंतर करायला हवी होती.