मेंदूतील गाठ दाखवणारा निळा प्रकाश



निपाणीच्या बाजारपेठेत किंवा बेळगावच्या बँकेत नोटा तपासण्याचे छोटे यंत्र आपण पाहिले असेल. त्याच्या जांभळ्या उजेडात खऱ्या नोटेतील तंतू चमकू लागतात. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतात. या गुणधर्माला जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये 'फ्लुओरेसन्स' हे नाव दिले. हाच गुणधर्म आज मेंदूच्या शस्त्रक्रियेत उपयोगी पडतो, तो कसा हे आपण पाहू.

ग्लायोमा ही मेंदूची गाठ तशी विरळाच. तिचा घातक प्रकार निरोगी भागात मुळांसारखा पसरतो. कडेला गाठ कुठे संपली हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. थोडी राहिली तर ती लवकर वाढते. जास्त कापले तर रुग्णाची वाचा किंवा हातपाय जाण्याची भीती असते.

यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी काही तास रुग्णाला '५-एएलए' नावाचे औषध पाण्यातून पाजतात. रक्ताचा लाल रंग तयार करताना आपले शरीरही हा पदार्थ बनवते. गाठीच्या पेशींत त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन हे द्रव्य साठते. सूक्ष्मदर्शकातून निळा प्रकाश टाकला की गाठ लालसर चमकते आणि निरोगी मेंदू निळसरच दिसतो.

जर्मनीतील डॉ. वॉल्टर स्टुमर व सहकाऱ्यांनी याची कसोटी घेतली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या पद्धतीने १०० पैकी ६५ रुग्णांची तपासणीत दिसणारी गाठ पूर्ण निघाली. नेहमीच्या पद्धतीने ३६ जणांचीच. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील शल्यविशारदांनीही ही पद्धत वापरली आहे. मात्र औषध महाग आहे. म्हणून डोळ्यांच्या तपासणीत वापरले जाणारे 'फ्लुओरेसीन' हे स्वस्त, पिवळे द्रव्यही शिरेतून देतात.

हा काही चमत्कार नव्हे. कडेच्या विरळ पेशी कधी चमकत नाहीत आणि शस्त्रक्रियेनंतरही किरणोपचार व औषधे घ्यावीच लागतात. ५-एएलए घेतलेल्या रुग्णाला एक-दोन दिवस प्रखर उजेडापासून जपावे लागते.

शेवटी एक कळकळीची विनंती. आपल्या भागात फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवतात. तसे करू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे, हेही खरे. पण मोठ्या वयात पहिल्यांदाच आलेली फिट, वाढत जाणारी डोकेदुखी व उलट्या, हातापायांतील अशक्तपणा यांकडे दुर्लक्ष नको. प्रकाश कितीही चांगला असला, तरी रुग्ण वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचला तरच त्याचा उपयोग. आणि तेवढे काम आपणा सर्वांच्या हातात आहे.