सूट आणि बूट

समारंभास अथवा नोकरीच्या मुलाखतीस जाणारा तरुण सुटाचें कापड निवडण्यांत आठ दिवस घालवितो, आणि बुटांचा विचार मात्र निघण्याच्या घटकेस करितो. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु ती तशी नाहीं. म्हणून या विषयांतील चार गोष्टी आम्ही येथें सांगत आहों.

प्रथम बुटाची घडण पाहावी. नाडीच्या बुटांचे मुख्य प्रकार दोन: ऑक्सफर्ड व डर्बी. नाडीचीं भोकें असलेल्या दोन पाळ्या ऑक्सफर्डमध्यें पुढील चामड्याच्या खालीं शिवलेल्या असतात. त्यामुळें बूट बंद व नेटका दिसतो. डर्बीमध्यें त्या वरून शिवलेल्या असल्यानें मोकळ्या उघडतात. रुंद पावलास तो सुखकर होतो. औपचारिक प्रसंगीं पहिल्याचा मान अधिक. चामड्यावर छिद्रांची नक्षी जितकी अधिक, तितकें बुटाचें औपचारिकपण कमी.

आतां रंग. काळ्या सुटाखालीं काळाच बूट असावा. राखी व गडद निळ्या सुटाखालींही काळा केव्हांही शोभतो. निळ्याशीं गडद तपकिरी खुलतो, पण तो दिवसा व साध्या प्रसंगीं. पट्टा बुटाच्या रंगाचा व पायमोजे पाटलोणीच्या रंगाचे घ्यावे. एकच जोड घेण्याची ऐपत असल्यास काळा, बिननक्षीचा, नाडीचा घ्यावा. आणि तो सायंकाळीं घ्यावा, कारण दिवसभरांत पाय किंचित् फुगतात.

हें जाणून काय लाभ, असें कोणी विचारील. ब्रिटनमधील सोशल मोबिलिटी कमिशनच्या २०१६ सालच्या एका अहवालांत असें आढळलें कीं, गुंतवणुकीच्या बँकांत सुटाखालीं तपकिरी बूट घालून आलेल्या उमेदवाराविषयीं परीक्षकांचें मत प्रतिकूल होई. सामान्य घरांतील हुशार मुलें अशा अलिखित नियमांमुळें मागें पडत. कारण ते त्यांस कोणी सांगितलेलेच नव्हते!

अशा नियमांत सद्गुण नाहीं. केवळ रूढी आहे. तरी ती ठाऊक नसल्यामुळें कोणाची संधि जाऊं नये, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच. विद्यार्थिमित्रांनो, हें आपल्या धाकट्या भावंडांसही सांगा. आणि उद्यां तुम्ही स्वतः परीक्षकाच्या खुर्चीवर बसाल, तेव्हां समोरच्याचे बूट पाहण्यापूर्वीं त्याचें उत्तर ऐका.