स्टेशनासमोरची बाग

कोपनहेगन : विमानतळावरून सुटलेली गाडी जेमतेम पंधरा मिनिटांत मुख्य स्टेशनात येते. बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर टिव्होलीचे फाटक. खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचे तर भल्या सकाळी द्रुतगती मार्गाला लागायचे आणि अख्खा दिवस तिथेच काढायचा, याची सवय असलेल्या मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना हे पाहिल्याशिवाय पटत नाही. त्यामुळे तीन दिवसांच्या सहलीतला एक दिवस टिव्होलीच्या नावाने बाजूला काढला जातो आणि शहर उरलेल्या दोन दिवसांत कोंबले जाते. इथे बेत उलटा आखावा. दिवस शहराला द्यावेत, संध्याकाळ टिव्होलीला.

खरे तर ही बागही एकेकाळी गावाबाहेरच होती. 15 ऑगस्ट 1843 रोजी ती उघडली तेव्हा कोपनहेगन तटबंदीच्या आत नांदत होते आणि टिव्होलीची जागा पश्चिमेच्या वेशीबाहेर होती. एका मुत्सद्द्याचा मुलगा, अल्जीअर्समध्ये जन्मलेला गेओर्ग कार्स्टेन्सन याने राजा आठव्या क्रिश्चनकडून तिचा परवाना मिळवला. लोक करमणुकीत रमले की राजकारणाच्या मागे लागत नाहीत, असे त्याने राजाला पटवून दिले, ही गोष्ट आजही सांगितली जाते. पण पुढे सहा वर्षांच्या आत, 1849 मध्ये, देशाला राज्यघटना मिळाली. तट पाडले गेले, शहर पश्चिमेला पसरले, नगरभवन आणि आजचे स्टेशन उभे राहिले आणि वेशीबाहेरची बाग शहराच्या मधोमध आली. आतले तळे म्हणजे त्या तटाच्या खंदकाचाच उरलेला भाग.

टिव्होलीचे तिकीट घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रवेशाचे पैसे वेगळे आणि राइड्सचे वेगळे. एकेका राइडचे तिकीट घेता येते, नाहीतर दिवसभराचा पास. सरसकट सगळ्यांचे पास काढणे म्हणजे पैसे वाया घालवणे. पास लागतो तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना. ती 80 मीटर उंच फिरत्या पाळण्यांत बसणार आणि उलट्यापालट्या होणाऱ्या ‘डेमोनेन’च्या रांगेत पुन्हा पुन्हा उभी राहणार. आजीआजोबांना नुसता प्रवेश पुरतो आणि तो मुळीच कमी नाही. फुलांचे ताटवे आहेत, बसायला मुबलक बाके आहेत, आणि 1874 पासूनचे मूकनाट्याचे उघडे रंगमंदिर आहे. त्याचा पडदा म्हणजे मोराचा पिसारा. तो मिटत खाली गेला की हार्लेक्विन, कोलंबिना आणि पिएरो यांचा खेळ सुरू होतो. प्रेक्षक समोर उभे राहून पाहतात. संवाद नसल्यामुळे डॅनिश न येणाऱ्या पाहुण्याला खेळ समजायला काहीच अडचण येत नाही.

इथला लाकडी रोलर कोस्टर मात्र कुणीही चुकवू नये. तो 1914 चा आहे आणि आजही त्याच्या गाडीवर ब्रेकवाला बसतो. कृत्रिम डोंगरातून गाडी उतरू लागली की वेग किती ठेवायचा ते हा माणूस ब्रेकचा दांडा हातात धरून ठरवतो. शंभरीपार गेलेले यंत्र संग्रहालयात न ठेवता रोज चालवायचे, हा आग्रह या देशाबद्दल पुष्कळ काही सांगतो. जून 1944 मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, नाझींच्या बाजूच्या डॅनिश लोकांनी या बागेत स्फोट घडवून तिच्या बऱ्याच इमारती उद्ध्वस्त केल्या. काही आठवड्यांत ती पुन्हा उघडली. तिची स्वच्छता आणि दिव्यांची आरास 1951 मध्ये वॉल्ट डिस्ने पाहून गेला. त्याचे डिस्नेलँड सुरू झाले ते त्यानंतर चार वर्षांनी.

तारखा ठरवण्याआधी हंगाम पाहणे अत्यंत गरजेचे, कारण टिव्होली बारा महिने उघडी नसते. मार्चअखेर ते सप्टेंबर हा मुख्य हंगाम. पुढे हॅलोविनचा आणि नाताळचा असे छोटे हंगाम येतात आणि मधल्या काळात फाटके बंद असतात. शिवाय इथला सूर्य आपल्या अंदाजाने चालत नाही. जूनअखेरीस तो रात्री दहाच्या सुमारास मावळतो. दिव्यांची बाग पाहायची तर लहान मुलांना तोवर जागे ठेवावे लागते. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आतच अंधार पडतो आणि पाच वर्षांचे मूलही सगळी रोषणाई पाहून वेळेवर झोपते. थंडीची तयारी असेल तर लहानग्यांसाठी नाताळचा हंगामच बरा. मोठ्यांनी उन्हाळ्यातला शुक्रवार साधावा. त्या संध्याकाळी खुल्या मंचावर रॉक संगीत असते आणि ते प्रवेशाच्या तिकिटातच ऐकायला मिळते.

शहर पायी फिरता येते. चौथ्या क्रिश्चनचा गोल मनोरा 1642 पासून उभा आहे. आत पायऱ्यांऐवजी गोल फिरत जाणारा चढ असल्याने लहान मुलेही वर पोहोचतात. टिव्होलीच्या मागच्या रस्त्यापलीकडे ग्लिप्टोटेक हे शिल्पांचे संग्रहालय आहे. कार्ल्सबर्ग बिअरच्या कारखानदार घराण्यातल्या कार्ल याकोबसेनने ते उभारले आणि बंदरातली जलपरीही त्यानेच शहराला दिली. सोमवारी ग्लिप्टोटेक बंद असते, हे वेळापत्रकात लिहून ठेवावे. कोपनहेगन कार्डाच्या ‘डिस्कव्हर’ प्रकारात रेल्वे, मेट्रो, बस आणि टिव्होलीचा प्रवेश धरलेला असतो, राइड्स नाहीत.

खर्चाचा अंदाज बांधताना जेवणाचा आकडा सढळ हाताने धरावा. या देशात विक्रीकर 25 टक्के आहे. नळाचे पाणी मात्र बिनधास्त प्यावे. डॅनिश माणूस स्वतः डबा घेऊन निघतो, त्यामुळे बागेतल्या बाकावर ठेपले उघडायला कुणी संकोचू नये. शाकाहाऱ्यांनी राईच्या पावावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या रचलेले स्म्योरब्रोड मागावे, पोटभर होते.

तिसरी सकाळ रिकामी असेल तर लोकलने वीसेक मिनिटांत क्लाम्पेनबोर्गला जावे. तिथल्या हरणांच्या रानात बाक्केन आहे. 1583 मध्ये तिथे एक झरा सापडला, त्याच्या पाण्याने दुखणी बरी होतात असा समज पसरला, माणसे लोटली आणि त्यांच्यामागे फेरीवाले व डोंबारी आले. त्यातून वाढलेले हे बाक्केन आज जगातले सर्वांत जुने चालू करमणूक उद्यान मानले जाते. आत जायला पैसे पडत नाहीत आणि टिव्होलीपेक्षा ते अधिक मोकळेढाकळे आहे. टिव्होली पाहुण्यांना दाखवायची, बाक्केनला घरच्या माणसांनी जायचे, असा साधा फरक तिथे जाणवतो.

राहता राहिले लेगोलँड. मुलांचा हट्ट तिथलाच असतो आणि नकाशावर डेन्मार्क छोटा दिसतो. पण 1968 साली सुरू झालेले ते मूळ लेगोलँड बिलुंडला, पार पश्चिमेच्या यूटलंडमध्ये आहे. वायलेपर्यंत रेल्वे, पुढे बस, असे एका बाजूला सुमारे तीन तास जातात. एका दिवसात जाऊन येण्याचा खटाटोप करू नये. बिलुंडला स्वतःचा विमानतळ आहे. तिकडे जायचेच असेल तर सुट्टीचे दोन दिवस वाढवून परतीचे विमान तिथूनच धरावे.