कोरड्या दिवसांतील परसबाग आणि समुद्रकांठची विहीर

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दापोली तालुक्यावर तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ज्या भूमीवर एवढें पाणी कोसळतें, तेथील गृहिणीला चैत्र-वैशाखांत मुळ्याचे दोन वाफे जगविण्यासाठीं विहिरीच्या तळाशीं पोहरा खरडावा लागतो, हें ऐकून घाटावरच्या माणसाला नवल वाटतें. परंतु कोंकणांत पाऊस कमी नाहीं; पडलेलें पाणी तेथें ठरत नाहीं. डोंगर उभा, उतार तीव्र आणि समुद्र हांकेच्या अंतरावर. दसरा उलटला कीं आकाश मिटतें, आणि मृगापर्यंत सात-आठ महिने भाजीच्या रोपांना जें काय मिळावयाचें तें माणसाच्या हातूनच मिळावयाचें असतें.

आज या प्रश्नाचा विचार आपण आंजर्ले गांवाच्या निमित्तानें करूं. दापोली तालुक्यांतील हें गांव जोग नदीच्या मुखाशीं वसलेलें आहे. वर डोंगरावर कड्यावरच्या गणपतीचें देऊळ, आणि खालीं पुळणीच्या कडेनें माड-पोफळींच्या वाड्या. उन्हाळ्याच्या सुटींत गांवच्या घरीं जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना हें दृश्य परिचयाचें असेल. त्या दृश्यांत एक गोष्ट सहसा नजरेंत भरत नाहीं. एकाच गांवांत येथें दोन प्रकारच्या जमिनी आहेत. वर जांभ्या दगडाचा सडा आणि त्याच्या उतारावरील तांबडी माती. खालीं समुद्राकडे वाळूमिश्रित भुसभुशीत जमीन. वरच्या परड्यांत जी पाण्याची रीत यशस्वी होते, तीच खालच्या वाडींत नेली तर निम्में पाणी वायां जातें, आणि शेजारीण मात्र "तुमच्या हाताला गुण नाहीं" असें म्हणून मोकळी होते.

याचें कारण समजून घ्यावयाचें तर झाड पाणी कोठून पितें, हें पाहिलें पाहिजे. आपण पाणी झाडाला घालतों असें म्हणतों खरें. वस्तुतः आपण तें मातींत सांठवितों, आणि झाड आपल्या सवडीनें तें काढून घेतें. माती ही कोठी आहे. वाळूची कोठी लहान, तांबड्या मातीची तिच्याहून मोठी. बहुतेक भाज्यांचीं कामाचीं मुळें वरच्या एक फूट थरांत पसरलेलीं असतात. एवढ्या थरांत वाळवट जमीन झाडाच्या उपयोगीं पडेल असें पाणी सुमारें वीस मिलिमीटर धरते. चांगली तांबडी माती त्याच्या दुपटीनें धरते. यांतील निम्मा सांठा संपला कीं उरलेलें पाणी ओढून घेण्यास रोपाला कष्ट पडूं लागतात, म्हणून तेव्हांच पुढची पाळी द्यावयाची.

आतां खर्चाची बाजू. एप्रिल महिन्यांत भरलेल्या वाफ्यांतून ऊन आणि वारा मिळून दिवसाला पांच मिलिमीटरच्या आसपास पाणी उडवितात. एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे बरोबर एक लिटर. दहा फूट लांब व तीन फूट रुंद असा वाफा घेतला, तर त्याचें क्षेत्र पावणेतीन चौरस मीटरहून किंचित् अधिक भरतें. म्हणजे त्याला दिवसाला चौदा लिटर, अथवा एक मोठी बादली, पाणी लागतें. वाळूंत दहा मिलिमीटर खर्च झाले कीं पाळी. म्हणजे दिवसाआड दोन बादल्या. तांबड्या मातींत वीस मिलिमीटर. म्हणजे चौथ्या दिवशीं चार बादल्या. एकूण पाणी दोहोंकडे सारखेंच, परंतु देण्याचा क्रम निराळा. वाळूंत एकदम चार बादल्या ओतल्या तर दोन मुळांच्या खालीं निसटून जातील. उलट तांबड्या मातींत रोज एक-एक बादली शिंपडली, तर वरचा दोन बोटें थर तेवढा भिजतो आणि दुपारपर्यंत त्यांतील बरेंचसें पाणी वाऱ्यावर जातें. शिवाय मुळेंही ओल असेल तेथेंच राहतात. तीं वरवर पसरतात, आणि एक दिवस पाणी चुकलें कीं सारा वाफा मान टाकतो.

हे आंकडे अर्थात् ठोकळ आहेत. आभाळ आलें, वारा पडला, सावली असली तर खर्च उतरतो. नुकतीं उगवलेलीं रोपें या हिशेबांत बसत नाहींत. त्यांचीं मुळें दोन बोटेंच असल्यामुळें त्यांना थोडें पण रोज पाणी द्यावें लागतें. आणि आंकड्यांपेक्षां बोट अधिक प्रामाणिक असतें. मातींत बोट दोन पेरें खुपसून पाहावें, किंवा खुरप्यानें वीतभर खालची माती काढून मुठींत दाबावी. तांबड्या मातीचा गोळा वळला तर थांबावें. दाबतांच फुटला तर पाटाचें तोंड उघडावें.

दुधी, पडवळ, काकडी या वेलींचीं पानें भर दुपारीं मलूल होतात. तें पाहून पुष्कळ लोक उन्हांत धांवाधांव करतात. परंतु मुळाशीं ओल असूनही असें होतें. पानांतून जेवढें पाणी उडतें तेवढ्या वेगानें मुळें तें पुरवूं शकत नाहींत, एवढाच त्याचा अर्थ. सांजवेळीं तीं आपोआप उभारतात. सकाळीं सूर्योदयालाच पान लोंबत असेल तर मात्र तहान खरी. पाणी पहाटे किंवा ऊन उतरल्यावर द्यावें, याचें कारण काटकसरीचें आहे; दुपारच्या पाण्यांतील पुष्कळ हिस्सा वारा नेतो. पानांवरील थेंब भिंगासारखे होऊन पान जाळतात, हा समज मात्र २०१० मध्यें हंगेरींतील संशोधकांनीं तपासून पाहिला, तेव्हां गुळगुळीत पानांच्या बाबतींत तो खरा ठरला नाहीं. समुद्रकांठीं पानें जळतात त्याचें कारण बहुधा वेगळें असतें. तें कारण विहिरींत आहे, आणि या भाषणाचा खरा विषय तोच.

पुळणीलगतच्या विहिरीला गोडें पाणी लागतें, हें मुळांतच एक आश्चर्य आहे. वाळूच्या थराखालीं समुद्राचें खारें पाणी शिरलेलें असतें आणि पावसाचें मुरलेलें गोडें पाणी त्याच्यावर तरंगत असतें. गोडें पाणी हलकें, खारें पाणी शेंकडा अडीच भागांनीं जड. या फरकावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील बॅडन घायबेन यांनीं आणि १९०१ मध्यें जर्मनींतील हर्झबर्ग यांनीं एक नियम मांडला. गोडें पाणी समुद्राच्या पातळीच्या वर जेवढें उभें असतें, त्याच्या सुमारें चाळीस पट तें खालीं उतरलेलें असतें. वर एक फूट, तर खालीं चाळीस फूट. नियम ऐकावयास मोठा उदार वाटतो. पण तो उलट वाचला कीं भय वाटतें. उपसा करून गोड्या पाण्याची पातळी कायमची एक फूट खालीं आणली, तर खालचें खारें पाणी हळूहळू चाळीस फूट वर येऊं पाहतें. प्रत्यक्ष जमिनींत कातळ, चिकणमातीचे थर, भरती-ओहोटी यांमुळें हिशेब इतका सरळ राहत नाहीं. परंतु विहिरीच्या अगदीं खालीं, जेथें ओढ सर्वांत जास्त, तेथें खारें पाणी शंकूसारखें वर चढतें, हें निश्चित.

पूर्वीं वाड्यांच्या विहिरींवर रहाट असत. मातीच्या गाडग्यांची माळ फिरे, पाणी पन्हळींतून पाटाला लागे, आणि पाटानें आळ्या-आळ्यांत उतरे. जनावर थकलें कीं रहाट थांबे आणि विहिरीला विसावा मिळे. ती व्यवस्था कोणी शास्त्र म्हणून बसविली नव्हती. रेड्याची शक्तिच तेवढी होती. आतां विजेचा पंप तासाला कित्येक हजार लिटर पाणी उपसतो आणि त्याला थकवा ठाऊक नाहीं. मी रहाटाकडे परत चला असें म्हणत नाहीं. रहाट हांकणाऱ्या मुलाच्या वांट्याला काय येत असे, हें विसरून त्याचीं गोडवीं गाणें सोपें असतें. परंतु पंपाला रहाटाची चाल शिकवितां येते. एका दमांत दोन तास उपसण्याऐवजीं पहाटे अर्धा तास, सायंकाळीं अर्धा तास असा उपसा करावा; पाणी टांकींत सांठवून तेथून वाफ्यांना द्यावें. आणि विहिरीचें पाणी कमी झालें म्हणून ती आणखी खोल करण्याचा मोह पुळणीलगत तरी आवरावा. तेथें खोल जाणें म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भेटीस जाणें होय. पाणी हवें असेल तर विहीर रुंद असणें अधिक हिताचें.

येथें शहरांतील श्रोत्यांशीं थोडें स्पष्ट बोलणें भाग आहे. विहिरीची पातळी वर्षांत सर्वांत खालीं असते ती मे महिन्यांत. आणि बंद घरें उघडतात, पाहुण्यांची वर्दळ वाढते, न्हाणीघरांत तोट्या तासन् तास वाहतात, त्याही मे महिन्यांतच. भाजीच्या वाफ्याला दिवसाला एक बादली पुरते, हें आपण पाहिलें. तोटीखालीं उभ्या राहिलेल्या एका माणसाला ती पुरत नाहीं. सुटी संपते, मंडळी परततात, आणि मागें राहिलेल्या वृद्ध काकूंच्या घरीं डाळ शिजेनाशी होते, साबणाला फेस येत नाहीं, वालाच्या वेलांचीं पानें कडेनें करपूं लागतात. पावसाळा हें पाणी पुष्कळदां पुन्हां गोडें करतो, ही कोंकणावर निसर्गाची कृपा. पण दर वर्षीं तोच ताण पडत राहिला तर त्या कृपेवर फार विसंबून चालणार नाहीं.

विहिरीची कुरबुर प्रथम कोणाच्या ध्यानांत येते? द्विदल वेलींच्या. घेवड्यासारख्या शेंगभाज्या मिठाला सर्वांत नाजूक. मुळा, कांदा आणि मिरचीही फारशा सोशीक नाहींत. टोमॅटो आणि पालक त्यांच्यापेक्षां थोडे बरे. बीट पुष्कळ सोसतें, आणि गवार तर बहुतेक भाज्यांना मागें टाकते. माड खारें पाणी सोसतो, म्हणून त्याच्या छायेंतील घेवडाही सोसेल असें समजूं नये. पाण्याची विद्युत्‌वाहकता मोजणारें लहानसें यंत्र आतां बाजारांत मिळतें. फाल्गुनापासून पंधरवड्यानें एकदां मोजून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आंकडा लिहून ठेवला, तर विहीर कोणत्या दिशेनें चालली आहे तें पान करपण्यापूर्वींच कळतें. पाणी किंचित् मचूळ झालें असेल तर तें पानांवर मुळींच शिंपडूं नये, मुळाशींच द्यावें; पाण्याचा थेंब वाळतो, मीठ पानावर राहतें. अशा पाण्यानें वाफा कडक वाळूंही देऊं नये, कारण ओल कमी होईल तसतशी मातींतील मिठाची तीव्रता वाढते. मधून एखादी पाळी सढळ द्यावी, म्हणजे सांचलेलें मीठ मुळांच्या खालीं धुऊन जातें.

मग पाणी वांचवावयाचें कसें? कित्येकजण छपरावरचें पावसाचें पाणी विहिरींत सोडावयास सांगतात. पुण्याकडे ती सूचना उत्तम आहे. आंजर्ल्याच्या सखल भागांतील विहीर श्रावणांत तशीही कांठोकांठ भरलेली असते. तींत आणखी ओतलेलें पाणी बहुतेक समुद्राचीच वाट धरणार. महत्त्वाचे दिवस ते पाऊस संपल्यानंतरचे. पऱ्ह्याचें पाणी वाहतें आहे तोंवरच दगड-मातीचा कच्चा बंधारा घालून तें अडविलें, तर तें सावकाश मुरतें आणि खालच्या विहिरींना पुढें आधार होतो.

दुसरा उपाय पंचांगाचा. भात निघाल्यावर जमिनींत जी ओल उरते, तिच्यावरच कोंकणांतला शेतकरी वाल घेतो. परसांतही भाजीचा मोठा पसारा कार्तिक-मार्गशीर्षांत मांडावा आणि फाल्गुनापर्यंत आंवरता घ्यावा. चैत्रानंतर चार वाफे ठेवण्याऐवजीं दोन ठेवावे आणि त्यांना पुरेसें पाणी द्यावें. अर्धपोटी ठेवलेली काकडी कडवट होते, मुळा तिखट व धाग्याचा होतो. फुलोरा आणि फळ धरण्याच्या दिवसांत भेंडी-वांग्यांची पाळी चुकवूं नये. काटकसर करावयाची तर ती त्याच्या आधीं करावी.

तिसरा उपाय उघडी जमीन झांकण्याचा. पातेरा, पेंढा, नारळाचीं सोडणें, वाडींत जें फुकट मिळतें तें तीन-चार बोटें जाड पसरावें. रोपाच्या खोडाला मात्र टेकवूं नये, नाहींतर वाळवी व कुज यांना आमंत्रण मिळतें. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें दापोलीच्या किनाऱ्यावरील असंख्य माड-पोफळी आडव्या केल्या. जेथें ती सावली गेली तेथें वाफ्यांवर आतां थेट ऊन येतें. तेथें नवीं झाडें वाढेपर्यंत पश्चिमेकडून झापांचा आडोसा करणें इष्ट.

चौथा उपाय मडक्याचा. हा फार जुना आहे. चीनमधील सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या फान शंग-ची यांच्या शेतीविषयक ग्रंथांत वेलींच्या मध्यें मडकें पुरण्याची रीत वर्णिलेली आहे. आपल्या देशांत कर्नाल येथील क्षारभूमि संशोधन संस्थेंत १९७० नंतरच्या दशकांत या पद्धतीचे प्रयोग झाले, आणि किंचित् खाऱ्या पाण्यावरही ती चालते असें आढळलें. मडकें बिनरंगाचें, बिनचकाकीचें, पाझरणारें हवें. नवें घेऊन रात्रभर पाणी भरून ठेवावें, बाहेरून घामेजलें तर तें चांगलें. तें गळ्यापर्यंत पुरून भोंवतीं दुधी, काकडी किंवा कारलें यांचे तीन-चार वेल लावावे. माती कोरडी होईल तसें मडकें आपोआप अधिक पाझरतें, ओली असेल तर आंखडतें. वाळवट जमिनींत याचा उपयोग विशेष, कारण तेथें ओतलेलें पाणी निसटतें, पाझरलेलें निसटत नाहीं. शहरांतील गॅलरीच्या मोठ्या कुंडींत लहानसें मडकें पुरूनही हें करतां येतें. तोंडावर पणती किंवा नारळाची करवंटी झांकावी, नाहींतर डांस होतात. आणि दोन-तीन दिवसांनीं पाणी भरावें. मडक्याचीं छिद्रें मिठानें वा गाळानें बुजलीं तर पाझर मंदावतो. पावसाळ्याच्या आरंभीं तीं उकरून, घासून, उन्हांत वाळवून ठेवावीं, म्हणजे कार्तिकांत पुन्हां कामास येतात.