हाकेला ओ न देणारें यंत्र

ज्या वस्तूची गरज वर्षांतून चार-दोन वेळांच पडते, तिच्याकडे वर्षांतून तितक्या वेळांहि आपलें लक्ष जात नाहीं, हा संसाराचा जुनाच अनुभव आहे. माळ्यावरची शिडी, फडताळांतील कंदील आणि अलीकडे मागल्या पडवींत गोणपाटाखालीं झांकून ठेवलेला जनरेटर, या सर्वांची जात एकच. घरांत वीज असेपर्यंत त्याची कोणास आठवण होत नाहीं. आणि वीज गेली कीं सारें घर त्याच्याभोंवतीं जमतें. पहिल्यानें दोरी ओढली जाते ती उत्साहानें, दहाव्या वेळीं रागानें आणि विसाव्या वेळीं केवळ हट्टानें. यंत्र मात्र आपलें मौन सोडीत नाहीं. तहान लागल्यावर विहीर खणावयास निघालेल्या माणसास आपण हंसतों. परंतु विहीर आधींच खणून तिचा रहाट गंजूं देणारा गृहस्थ त्याहून फारसा शहाणा म्हणतां यावयाचा नाहीं.

हा विषय मिस्त्रीचा आहे, त्यांत आम्हांस काय कळतें, असें कित्येक वडीलधारी मंडळी व भगिनी म्हणतील. परंतु विजेवर आतां केवळ दिवेच लागतात असें नाहीं. आजोबांचें इन्शुलिन थंडाव्यांत ठेवणारें शीतकपाट, एखाद्या आजाऱ्यास प्राणवायु पुरविणारें यंत्र, विहिरीवरचा पंप, हीं सर्व तिच्यावरच अवलंबून आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज एकाएकीं गेली आणि आगगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. त्याच वर्षीं ३ जून रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या बाजूच्या कित्येक गांवांना आठवडेच्या आठवडे विजेवांचून काढावे लागले. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत ‘तौक्ते’ वादळानें कोंकणास पुन्हां तोच धडा दिला. अशा दिवसांत मिस्त्री मिळत नाहीं. मिळाला तरी वाटेंत पडलेल्या झाडांतून तो येणार कसा? म्हणून या यंत्राची निदान प्राथमिक ओळख घरांतील दोघां-चौघांस असावी, असें आमचें मत आहे.

आपल्याकडे घरगुती उपयोगाचे जनरेटर बहुधा पेट्रोलवर चालणारे, दोरी ओढून सुरू करावयाचे व दोन-तीन किलोवॅटच्या आंतबाहेरचे असतात. त्यांच्या पोटांत जें इंजिन असतें, त्याचें तत्त्व जर्मनीच्या निकोलाउस ऑटो यानें १८७६ सालीं यशस्वी करून दाखविलें, तेंच आजहि चालू आहे. पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण आंत घ्यावयाचें, तें दाबावयाचें, ठिणगीनें पेटवावयाचें आणि जळलेला धूर बाहेर टाकावयाचा. तेव्हां इंजिनास पेट्रोल, हवा, ठिणगी व दाब या चार गोष्टी लागतात. चुलीला जसें सरपण, वारा व काडी, तसेंच हें. या चारांपैकीं एखादी न मिळाली तरच यंत्र रुसतें. यंत्राच्या रुसण्यास माणसाच्या रुसण्याप्रमाणें गूढ कारणें नसतात, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट होय.

यंत्रास हात लावण्यापूर्वीं एक गोष्ट मात्र आम्ही निक्षून सांगतों. यंत्र पडवींत ठेवलेलें असलें तरी चालवावयाचें तें उघड्या अंगणांतच. पाऊस आहे म्हणून पडवींत, माजघरांत, जिन्याखालीं किंवा खिडकीपाशीं कदापि नव्हे. त्याच्या धुरांत कार्बन मोनॉक्साईड नांवाचा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. निजलेलें माणूस निजलेलेंच राहतें. घरापासून निदान वीस फूट अंतर, धुराचें तोंड घराच्या विरुद्ध दिशेस आणि वरून पावसापासून आडोसा, परंतु चोहों बाजू मोकळ्या, अशी जागा आधींच ठरवून ठेवावी. तसेंच तापलेल्या यंत्रांत पेट्रोल ओतूं नये व त्याच्याजवळ उदबत्तीहि नेऊं नये.

आतां परीक्षा. पहिली परीक्षा केवळ डोळ्यांनीं करावयाची आहे. तींत हत्यारें लागत नाहींत. यंत्राचें बटण चालू आहे काय? पेट्रोलचा कॉक उघडा आहे काय? टांकीच्या झांकणावर हवेसाठीं छिद्र किंवा खटका असतो, तो मोकळा आहे काय? (तो बंद असल्यास यंत्र सुरू होऊन थोड्याच वेळांत बंद पडतें.) यंत्र थंड असतांना चोक ओढलेला आणि तापलेलें असतांना सोडलेला असावा, तसा तो आहे काय? शीतकपाट, पंप वगैरे कांहीं जोडलेलें असल्यास तें आधीं काढून ठेवावें. यंत्रानें लय धरल्यावर एकेक भार चढवावा. हे प्रश्न पोरकट वाटतील. परंतु अंधारांत, घाईंत आणि चार जणांच्या सल्ल्यांत नेमक्या याच गोष्टी राहून जातात.

या यादींतील शेवटची बाब ऑईलची. पुष्कळशा यंत्रांत अशी योजना असते कीं, ऑईल ठराविक पातळीखालीं गेलें म्हणजे ठिणगीच बंद होते. ऑईलवांचून इंजिन चाललें तर आंतील भाग झिजून जाम होतील, म्हणून ही काळजी. अशा वेळीं पेट्रोल ताजें, प्लग नवा, आणि तरीहि यंत्र मुकें! मोजपट्टी पुसून ऑईल पाहावें व कमी असल्यास पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचें घालावें.

या योजनेचा एक चमत्कारिक अनुभव निसर्ग वादळानंतर आमच्या परिचयाच्या एका कोंकणस्थ कुटुंबास आला. घरांत सासऱ्यांचें इन्शुलिन. बर्फ संपत आलेला. थोरले दोघे भाऊ व शेजारचे एक गृहस्थ आळीपाळीनें दोरी ओढून थकले. ऑईल तर सकाळींच पाहिलेलें, पुरेसें होतें. अखेर चहा घेऊन आलेल्या धाकट्या सूनबाईंनीं विचारलें, “हें असें तिरकें कां ठेवलें आहे?” अंगण उतरतें होतें, यंत्र एका अंगावर कललें होतें, आणि ऑईल एका बाजूस गेल्यामुळें पातळी दाखविणारा आंतील तरंगता भाग तें कमीच समजत होता. उतरत्या बाजूस फळी सारून यंत्र सपाट केलें आणि तिसऱ्या ओढीस तें सुरू झालें. मामंजींनीं तेव्हांपासून जनरेटरची पुस्तिका सूनबाईंच्या स्वाधीन केली आहे, आणि ती योग्य हातीं आहे असें आम्हांसहि वाटतें.

या सर्व गोष्टी ठीक असतील तर संशय पेट्रोलवर धरावा. टांकींत महिनोन्‌महिने राहिलेलें पेट्रोल हें ताजें पेट्रोल नव्हे. त्यांतील हलका अंश उडून जातो, उरलेल्याचा चिकट राळेसारखा थर बनतो, आणि थंड यंत्रांत तें सहज पेट घेत नाहीं. शिवाय आपल्या देशांत पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण वाढत जाऊन २०२५ सालीं तें २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. इथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेतें. पाण्याचा अंश फार झाला कीं तें पाण्यासह पेट्रोलपासून वेगळें होऊन तळाशीं बसतें. कोंकणच्या दमट हवेंत तर याची विशेष धास्ती. जुन्या यंत्रांतील रबरी नळ्यांनाहि तें मानवत नाहीं. म्हणून दोन महिन्यांहून जुनें पेट्रोल असल्यास तें काढून घ्यावें, मोरींत ओतूं नये, आणि ताजें घालावें. पुष्कळ वेळां औषध एवढेंच असतें.

ताजें पेट्रोल घालूनहि यंत्र बोलत नसेल, तर कार्बुरेटरकडे वळावें. पेट्रोल व हवा यांचें प्रमाण जुळविणारा हा भाग. त्याच्या खालीं एक लहानशी वाटी असते व तिच्या तळाशीं पेट्रोल काढण्याचा स्क्रू असतो. इंजिन थंड असतांना खालीं कांचेचें भांडें धरून तो सैल करावा. पेट्रोल आलेंच नाहीं तर अडथळा वरच्या बाजूस, म्हणजे कॉकमध्यें, गाळणींत किंवा नळींत आहे. पेट्रोलखालीं पाण्याचे थेंब निराळे दिसले, तर रोग सांपडलाच. स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत तें वाहूं द्यावें. पेट्रोल स्वच्छ येत असूनहि यंत्र केवळ चोक ओढलेला असतांनाच दोन श्वास घेऊन बंद पडत असेल, तर आंतील केसाएवढें बारीक छिद्र त्या राळेनें बुजलें आहे असें समजावें. तें उघडून साफ करण्याचें काम सरावाच्या हातांचें आहे; तेथें सुईनें टोंचाटोंची करूं नये, कारण छिद्र रुंदावलें कीं प्रमाण कायमचें बिघडतें.

यानंतर स्पार्क प्लग. प्लगचा पाना यंत्राबरोबरच मिळतो. टोपी ओढून प्लग बाहेर काढावा व त्याचें टोंक पाहावें. तें आंतल्या गोष्टी सांगतें. पुष्कळदां दोरी ओढूनहि टोंक कोरडें ठणठणीत असेल, तर पेट्रोल आंत पोंचत नाहीं. तें ओलेंचिंब असेल, तर पेट्रोल अति झालें आहे. प्लग पुसून वाळवावा, कॉक व बटण बंद करून चोक सोडावा, प्लगवांचूनच चार-सहा वेळां दोरी ओढून आंतली वाफ बाहेर जाऊं द्यावी आणि थोड्या वेळानें पुन्हां प्रयत्न करावा. टोंक काजळीनें काळें झालें असेल तर तारेच्या ब्रशानें साफ करावें. दोन टोंकांतील अंतर बहुतेक लहान यंत्रांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतें. प्लग धातूस टेंकवून ठिणगी पाहण्याचा प्रयोग पुष्कळ मिस्त्री करतात. परंतु जवळ पेट्रोलची वाफ असतांना घरच्या माणसांनीं तो करूं नये. त्यापेक्षां एक नवा प्लग घरांत ठेवून तो लावून पाहणें स्वस्त व निर्धोक. नव्या प्लगनेंहि काम झालें नाहीं, तर दोष ठिणगी उत्पन्न करणाऱ्या भागांत असूं शकतो, आणि तो मिस्त्रीचा प्रांत.

हवेसाठीं फिल्टर उघडून पाहावा. त्यांत धूळ सांचलेली असते. कधीं उंदरांनीं कापूस व चिंध्या आणून संसारहि थाटलेला असतो. आणि दाब? दोरी ओढतांना मध्येंच हातास जो विरोध जाणवतो, तोच दाब. दोरी जर अगदीं सहज, पोकळ अशी येत असेल, तर झडप किंवा आंतील कडीं झिजलीं असण्याचा संभव आहे. मग घरच्या मंडळींनीं हात थांबवावा.

मोठ्या वाड्यांतून व इमारतींतून जे डिझेलवर, किल्लीनें सुरू होणारे जनरेटर असतात, त्यांच्या बाबतींत संशयाचा पहिला मान बॅटरीचा. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली व स्वस्थ असतांना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. किल्ली फिरवितांच नुसतें ‘कट्-कट्’ होऊन दिवे मंदावले, तर बॅटरी दमली आहे किंवा तिच्या टोंकांवर पांढरें-हिरवें किटण चढून वाट अडली आहे. लाल रंगाचें तांतडीचें बटण मुलांच्या खेळांत दाबलें गेलें नाहीं ना, हेंहि पाहावें. तें दाबलेलें असतांना यंत्र सुरू होत नाहीं. डिझेलची टांकी एकदां पूर्ण रिकामी झाली असल्यास नळींत हवा अडकते आणि ती हातपंपानें काढल्याशिवाय, टांकी कितीहि भरली तरी, इंजिन धड चालत नाहीं.

यंत्र सुरू झाल्यावरहि एक मोह टाळावयाचा आहे. दोन्ही टोंकांस पिना लावलेली तार भिंतींतील सॉकेटांत खुपसून सबंध घर उजळविण्याची युक्ति कांहीं ठिकाणीं अभिमानानें सांगितली जाते. ती प्राणघातक आहे. घरांतील वीज उलट वाटेनें बाहेरच्या तारांत जाते, रोहित्रांतून तिचा दाब कैक पटींनीं वाढतो, आणि तारा बंद आहेत या विश्वासानें खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यांत बळी जाऊं शकतो. आपल्याच गांवास प्रकाश देण्यासाठीं जो पावसांत खांबावर चढला, त्याच्यावर आपल्या घरांतून मृत्यु पाठवावयाचा काय? यासाठीं परवानाधारक तंत्रज्ञाकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तोंवर उपकरणें थेट यंत्रासच जोडावीं.

खंडेनवमीस आपण घरच्या हत्यारांस व यंत्रांस हळदकुंकू वाहतों. परंतु त्याच दिवशीं यंत्राचें ऑईल पाहणारें घर विरळा. पूजेचा अर्थ निगा असाहि आहे, हें आपण विसरूं नये. महिन्यांतून एकदां पंधरा-वीस मिनिटें, थोडा भार जोडून, यंत्र चालवावें. मग कॉक बंद करून कार्बुरेटरमधलें पेट्रोल संपूं द्यावें. बहुतेक लहान यंत्रांचें ऑईल शंभर तासांनीं किंवा सहा महिन्यांनीं बदलावयाचें असतें. दिवस लक्षांत राहावा म्हणून आम्ही संकष्टी सुचवितों. त्या सायंकाळीं चंद्रोदयाची वाट पाहत सर्व मंडळी घरींच असतात. यंत्र दर महिन्यास निरनिराळ्या व्यक्तीनें सुरू करावें: एकदां काकांनीं, एकदां काकूंनीं, एकदां कॉलेजांत जाणाऱ्या मुलीनें. घरांतील एकट्यासच येणारी विद्या तो परगांवीं गेला कीं त्याच्याबरोबर जाते. आणि वादळ कांहीं त्याच्या परतीची वाट पाहून थांबत नाहीं. नवा प्लग, त्याचा पाना, ऑईलचा डबा, विजेरी आणि या परीक्षेचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहिलेला पुठ्ठा, हें सर्व यंत्राशेजारींच ठेवावें. पुठ्ठ्यावर पहिली ओळ अंगणांतल्या जागेची असावी आणि दुसरी ऑईलची.